कर्जाच्या पोटातला विमा

कर्ज फिटले म्हणजे कर्जरोखा फाडून टाकावा, अशी आपल्याकडे जुनी चाल आहे. सावकाराने रोखा परत द्यावा, ऋणकोने तो चारचौघांसमक्ष फाडावा आणि घरी येऊन देवापुढे साखर ठेवावी. 2023 साली गाझियाबादेतील माझ्या सदनिकेचे कर्ज मी मुदतीच्या पुष्कळ आधी फेडले, तेव्हा माझ्याही मनात असेच काहीसे होते. वडिलार्जित जमिनीच्या विक्रीतून आलेला वाटा आणि थोडीफार शिल्लक एकत्र करून मी शेवटची रक्कम भरली. बँकेने ‘येणे बाकी नाही’ असे पत्र दिले आणि घराची मूळ कागदपत्रे परत केली. आता त्या जाडजूड फाईलचे काय काम उरले, असे म्हणून मी ती रद्दीत टाकण्यास निघालो. टाकण्यापूर्वी सहज चाळली, आणि पहिल्याच पानावर थबकलो.

घर घेण्यासाठी मी 2016 साली 25 लाख रुपये मागितले होते, आणि घर विकणाऱ्याला तेवढेच पोचलेही होते. खात्याचा उतारा मात्र 25 लाख 90 हजारांपासून सुरू होत होता. मधले 90 हजार कोठे गेले? उताऱ्यात त्यांच्यासमोर चार इंग्रजी आद्याक्षरे होती. त्यांचा अर्थ लावण्याची तसदी मी सात वर्षांत घेतलेली नव्हती. उलगडा झाला तो फाईलच्या तळाशी दडलेल्या एका पानाने. ते विम्याचे प्रमाणपत्र होते. कर्ज घेतानाच माझा विमा उतरवला गेला होता, त्याचा सगळा प्रीमियम एकदम भरला गेला होता, आणि तो भरण्यासाठी मला आणखी 90 हजारांचे कर्ज देण्यात आले होते. खाली सही होती, आणि ती माझीच होती.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. माझा जन्म दुसऱ्यांच्या फायलींवर टिपणी लिहिण्यात चालला आहे. कोणत्या परिच्छेदात कोणता आकडा चुकला आहे, हे दाखवण्याबद्दल सरकार मला वेतन देते. परंतु स्वतःच्या कर्जाच्या दिवशी, समोरचा तरुण अधिकारी बोटाने जागा दाखवीत होता आणि मी सही करीत होतो. ‘हे काय?’ असे एकदा विचारले होते, एवढे आठवते. ‘कर्जाबरोबर असते, साहेब, सगळ्यांचेच असते,’ हे उत्तरही आठवते. त्या उत्तराने माझे समाधान झाले. या विषयावर आज बोलण्याचा अधिकार मला आहे तो जाणकार म्हणून थोडा आणि फसगत झालेला माणूस म्हणून अधिक.

प्रथम हिशेब पाहू. कारण या प्रकरणातले मर्म हिशेबातच आहे. 90 हजारांचे कर्ज, व्याजाचा दर साडेनऊ टक्के, मुदत वीस वर्षे. या रकमेचा मासिक हप्ता सुमारे 839 रुपये होतो. एवढी छोटी रक्कम घराच्या मोठ्या हप्त्यात मिसळली म्हणजे डोळ्यांना दिसतही नाही. तोच हप्ता वीस वर्षे भरला तर एकूण 2 लाख 1 हजारांहून अधिक रुपये होतात. मी सात वर्षांतच कर्ज फेडले. दर बदलला नाही असे धरले, तर त्या सात वर्षांत या विम्यापायी मी सुमारे 70 हजार रुपये भरले होते, आणि तरीही मूळच्या 90 हजारांपैकी सुमारे 75 हजार देणे बाकीच होते. याहून मौजेची गोष्ट अशी, की विम्याची मुदत दहाच वर्षांची होती. विमा दहा वर्षांत संपणार होता, आणि त्याचे हप्ते मात्र वीस वर्षे चालणार होते.

प्रमाणपत्रातील आणखी एक कलम वाचून मला हसू आवरेना. कर्जदाराची नोकरी गेल्यास तीन महिन्यांचे हप्ते विमा कंपनी भरील, असे त्यात आश्वासन होते. मी केंद्र सरकारचा कायम सेवक. माझी नोकरी जाईल ती शिस्तभंगाने किंवा निवृत्तीने; आणि त्याच पानाच्या पाठीमागे बारीक टाइपात लिहिले होते, की शिस्तभंगाने किंवा निवृत्तीने नोकरी गेल्यास हा लाभ मिळणार नाही.

या विम्याबद्दल गैरसमज मात्र नको. कर्जसंरक्षक विमा ही कल्पना मुळात वाईट नाही. कर्ता पुरुष किंवा कमावती स्त्री अकाली गेली, तर डोक्यावरचे छप्पर कर्जापायी जाऊ नये, हा तिचा हेतू. कर्ज देणारी संस्था एक समूह विमा घेते, तिचे कर्जदार त्या समूहात दाखल होतात, आणि प्रत्येकाला एक प्रमाणपत्र मिळते. मृत्यू झाल्यास बाकी असलेल्या कर्जाइतकी रक्कम संस्थेकडे जाते, आणि काही उरल्यास ती नामनिर्देशित वारसाला मिळते. ज्याच्याकडे दुसरा विमा नाही, ज्याच्यावर लहान मुले अवलंबून आहेत, त्याने असा विमा समजून उमजून घेतला तर तो शहाणपणाच ठरेल. ‘समजून उमजून’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. सारा वाद त्या दोन शब्दांचा आहे.

अयोग्य रीतीने गळ्यात मारलेला विमा कसा ओळखावा? त्याच्या खुणा बहुधा चार प्रकारच्या असतात. पहिली, विमा घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होणार नाही, असे सांगितले किंवा सुचविले गेले. दुसरी, विम्याचा उल्लेखच झाला नाही आणि सह्यांच्या गठ्ठ्यात त्याचा अर्जही सरकवला गेला. तिसरी, प्रीमियम कर्जात मिळवला जाईल व त्यावर व्याज पडेल, हे सांगितले नाही. आणि चौथी, विमा त्या माणसाच्या उपयोगाचाच नव्हता: वयामुळे, जुन्या आजारामुळे, किंवा माझ्यासारखी नोकरीच वेगळ्या तऱ्हेची असल्यामुळे. यांपैकी एक जरी गोष्ट घडली असेल, तरी तक्रारीला जागा आहे.

कोणता विमा खरोखर सक्तीचा असतो, हेही जाता जाता सांगतो. मोटार रस्त्यावर आणायची तर त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा हवाच. मोटार वाहन कायदा, 1988, याच्या कलम 146 ची ती आज्ञा आहे. घर गहाण असताना आग किंवा भूकंप यांपासून त्या इमारतीचा विमा उतरवा, अशी अट बँक घालू शकते; कारण तिचे तारण त्या भिंतींतच असते. परंतु कर्जदाराने स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवलाच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. उलट, रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले आहे, की विमा घेणे ही ग्राहकाची सर्वस्वी ऐच्छिक बाब आहे, आणि बँकेची सेवा व विम्याची खरेदी यांत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष सांगड घालता कामा नये. विम्याच्या विक्रीबद्दल बँकेच्या कर्मचाऱ्यांना विमा कंपन्यांनी रोख वा इतर स्वरूपात बक्षिसी देऊ नये, असेही तिचे सांगणे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019, याची भाषा तर आणखी स्पष्ट आहे. एक सेवा मिळण्यासाठी दुसरी सेवा घेण्याची अट घालणे, ही गोष्ट तो व्यापारातील प्रतिबंधक प्रथांमध्ये मोडतो.

पण सहीचे काय? ‘साहेब, खाली सही आपलीच आहे’ असे म्हटले की भल्याभल्यांची वाचा बसते. सही केली म्हणजे संपले, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची समजूत आहे. तिचे उत्तर शोधताना मला आपल्याच इतिहासातील एक पान आठवले.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आठवड्याच्या बाजारी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत पसरले. इतिहासात यालाच ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. त्यात रक्तपात फार थोडा झाला. जमावाला हवे होते ते कर्जरोखे. ते मिळाले की त्यांची होळी होई आणि जमाव पांगे. कारण त्या रोख्यांवर अंगठे होते, पण अंगठा उठवणाऱ्याला आत काय लिहिले आहे हे ठाऊक नव्हते. शंभराचा रोखा लिहून घ्यावा आणि हातावर त्याहून कमी ठेवावे, ही तर सर्रास रीत होती. आधीच कापून घेतल्या जाणाऱ्या अशा रकमेला जुन्या व्यवहारात ‘मनोती’ असे नावही होते. न्यायालयात सावकार रोखा पुढे करी, अंगठा सिद्ध होई, आणि हुकूमनामा निघे.

या दंग्यांची चौकशी झाली, आणि 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झालेल्या त्या कायद्याने न्यायाधीशाला सांगितले, की रोख्यावरच्या अंगठ्यापाशी थांबू नका; व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासा, खरोखर किती रक्कम हातात पडली ते पाहा, आणि मग हिशेब करा. पावती मागण्याचा आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्कही ऋणकोला मिळाला. तो कायदा आज उरलेला नाही. परंतु कागदाच्या मागे जाऊन व्यवहार पाहण्याचे त्याचे तत्त्व निराळ्या वाटांनी आपल्या कायद्यात आले आहे. माझ्या खात्यातले 90 हजार पाहिले, तेव्हा मला वाटले, की मनोती गेली नाही. तिने नवा पोशाख तेवढा केला आहे. फरक इतकाच, की अंगठ्याच्या जागी माझ्यासारख्या एम.ए. झालेल्या माणसाची वळणदार सही आली आहे.

आजचा कायदा सहीला किंमत देतो, हे खरे. पण ती आंधळी नाही. करार कायदा 1872 चा आहे. फसवणुकीने किंवा चुकीची माहिती देऊन मिळविलेली संमती ही मुक्त संमती नव्हे, आणि असा करार रद्द ठरविण्याचा अधिकार फसलेल्या पक्षाला आहे, असे तो सांगतो. मात्र त्याच कायद्यात एक अपवादही आहे. साधी दक्षता बाळगून ज्याला सत्य कळू शकले असते, त्याला नुसत्या चुकीच्या माहितीची किंवा मौनाची सबब नेहमीच उपयोगी पडत नाही. म्हणून ‘मी वाचले नाही’ एवढे म्हणणे पुरत नाही. ‘मी विचारले, आणि मला चुकीचे सांगण्यात आले’, किंवा ‘मला तो कागद दिलाच नाही’, हे दाखवावे लागते.

असे गाऱ्हाणे एका सबंध देशाने किती गंभीरपणे घेतले, याचे उदाहरण ब्रिटनचे आहे. तेथे कर्ज आणि क्रेडिट कार्ड यांबरोबर असाच विमा कोट्यवधी लोकांना विकला गेला होता. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना बेकारीचा विमा, आजारी माणसांना आजार वगळणारा विमा, असे त्याचे मासले होते. 2005 साली तेथील एका नागरिक सल्ला संस्थेने औपचारिक तक्रार दाखल केली. नियामकाने नियम कडक केले, तेव्हा बँका न्यायालयात गेल्या आणि एप्रिल 2011 मध्ये हरल्या. पुढे 2014 साली तेथील सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. त्यात प्रीमियमपैकी सुमारे 72 टक्के रक्कम मध्यस्थांच्या आणि कर्जदात्याच्या दलालीत गेली होती, आणि कर्जदार बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. एवढी मोठी दलाली लपविणे हाच अन्याय आहे, असा निकाल न्यायालयाने दिला. तक्रारी स्वीकारण्याची अखेरची तारीख 29 ऑगस्ट 2019 ठरली, आणि तोवरच्या तक्रारींपोटी बँकांना एकूण 38 अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली.

त्या हकिकतीत दोन बोध आहेत. तेथे तक्रार करण्यास वकील लागत नव्हता, पैसाही लागत नव्हता. तरी ‘आम्ही तुमचे पैसे मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले आणि मिळालेल्या रकमेचा लचका त्यांनी तोडला. दुसरा बोध असा, की ज्यांनी जुने कागद जपले त्यांना तो मार्ग सोपा गेला. आपल्याकडे अशी सर्वांसाठी एकदम पैसे परत करण्याची मोहीम झालेली नाही. प्रश्न सरकारच्या नजरेस आला आहे, हे मात्र खरे. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबईतील एका परिषदेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बँकांना जाहीरपणे सांगितले, की अयोग्य रीतीने विकलेला विमा अप्रत्यक्षपणे कर्जच महाग करतो. तरीही आज येथे प्रत्येकाला आपले पत्र आपणच लिहावे लागते. ते कसे लिहावे, आता त्याकडे वळू.

आरंभ कागदांपासून करावा. कर्जमंजुरीचे पत्र, करारनामा, पहिल्या महिन्यापासूनचा खात्याचा उतारा, विम्याचा अर्ज आणि विम्याचे प्रमाणपत्र, एवढे पाच कागद पुरेत. नसतील तर बँकेकडे लेखी मागावेत. बँक सरकारी असल्यास माहितीच्या अधिकाराचा 2005 सालचा कायदाही हाताशी आहे. त्याखाली दहा रुपयांच्या शुल्कात स्वतःच्या प्रकरणाचे कागद मागता येतात. येथे विलंब करू नये. खाते बंद झाल्यावर काही वर्षांनी जुनी दफ्तरे नष्ट करण्यास संस्था मोकळ्या असतात. पैशाच्या अपहाराविरुद्धच्या कायद्याखाली जी नोंद ठेवावी लागते तिचीही मुदत खाते बंद झाल्यापासून पाच वर्षांची आहे.

कागद हाती आले की त्यांत तीन गोष्टी पाहाव्यात: प्रीमियम किती, विम्याची मुदत किती, आणि अर्जातील उत्तरे कोणाच्या अक्षरातील. मग दोन पत्रे लिहावीत, एक विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला व एक कर्ज देणाऱ्या संस्थेला. पत्र एका पानाचे असावे. विशेषणे टाळावीत. अमुक तारखेला कर्ज घेतले, अमुक रकमेचा विमा त्यात मिळविला गेला, तो ऐच्छिक असल्याचे मला सांगितले नाही, तो माझ्या उपयोगाचा का नव्हता, आणि माझी मागणी काय, एवढेच लिहावे. मागणीत प्रीमियम आणि त्यावर आकारलेले व्याज यांचा स्पष्ट उल्लेख करावा. सरकारी नोकरीत मी एक गोष्ट शिकलो आहे: ज्या पत्रात संताप असतो त्यावर शेरा उशिरा पडतो, आणि ज्यात तारीख व आकडा असतो त्याला उत्तर द्यावेच लागते.

कर्ज मुदतीपूर्वी फेडले असेल, तर आणखी एक वेगळी मागणी करता येते, आणि तिच्यासाठी फसवणूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. कर्जच उरले नाही, तर उरलेल्या काळाच्या विम्याचे काय? त्या न वापरलेल्या काळाचा प्रीमियम पॉलिसीच्या अटींप्रमाणे परत मागता येतो. पुष्कळ लोक हा पैसा केवळ मागत नाहीत म्हणून त्यांना मिळत नाही. पूर्ण परताव्याची आणि या अंशतः परताव्याची मागणी एकाच पत्रात, पण स्वतंत्र परिच्छेदांत करावी; म्हणजे एक नाकारली गेली तरी दुसरी उभी राहते.

एक महिना वाट पाहावी. उत्तर आले नाही, किंवा आले ते समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे जावे. ही संस्था 1998 पासून आपल्याकडे आहे, आणि तिचे सध्याचे नियम 2017 चे आहेत. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. नोव्हेंबर 2023 पासून 50 लाख रुपयांपर्यंतच्या मागण्या तेथे चालतात. विमा कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र गेले पाहिजे, आणि तेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असता कामा नये. लोकपालाचा निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो न पटल्यास पुढचा मार्ग खुला राहतो.

आम्हा राजधानीच्या परिसरात राहणाऱ्यांची एक गंमत आहे. घर एका राज्यात, कचेरी दुसऱ्यात आणि बँकेची शाखा तिसऱ्यात, असा आमचा संसार. विमा लोकपालाचे दिल्लीचे कार्यालय आसफ अली मार्गावर आहे. त्याच्याकडे दिल्लीबरोबर हरियाणातील गुरुग्राम, फरीदाबाद आणि सोनीपत हे जिल्हे येतात. गाझियाबाद आणि नोएडा येथील रहिवाशांनी मात्र नोएडाच्या कार्यालयाकडे जायचे असते. तक्रारदार राहतो तेथील किंवा विमा कंपनीची शाखा असेल तेथील लोकपाल चालतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे हेलपाटे वाचतात. महाराष्ट्रात मुंबईला आणि पुण्याला अशी कार्यालये आहेत.

गाऱ्हाणे विम्याच्या अटींविषयी नसून बँकेच्या वागणुकीविषयी असेल, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. बँकांनी केलेल्या विम्याच्या विक्रीतील गैरप्रकार 2017 पासून त्याच्या कक्षेत आले, आणि 2021 पासून सर्व तक्रारी एकाच ठिकाणी घेण्याची व्यवस्था झाली. कर्ज गृहवित्त कंपनीचे असल्यास राष्ट्रीय आवास बँकेकडे दाद मागावी. या सर्वांच्या पलीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास शुल्क पडत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. विलंबाला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो. फसवणूक उशिरा उघडकीस आली, हे असे एक कारण होऊ शकते. पण ते कधी व कसे कळले हे पुराव्याने सांगावे लागते.

आता माझ्या प्रकरणाचा शेवट सांगतो. मी पत्रे लिहिली. विमा कंपनीने उरलेल्या तीन वर्षांच्या काळापोटी पॉलिसीच्या अटींप्रमाणे होणारी रक्कम महिन्याभरात परत केली. विमा मला चुकीचे सांगून विकला, हे मात्र मान्य केले नाही. माझ्याजवळ त्या तरुण अधिकाऱ्याच्या तोंडी वाक्याखेरीज पुरावा नव्हता, आणि सात वर्षे मला संरक्षण मिळाले होते हेही नाकारता येत नव्हते. मी प्रकरण तेथेच मिटविले. प्रमाणपत्र मिळाल्यापासून ठरलेल्या दिवसांत कारण न देता विमा परत करण्याची सोय असते. 2016 साली ती मुदत बहुधा पंधरा दिवसांची असे, आणि 2024 च्या नियमांनी ती सर्वांसाठी तीस दिवसांची केली आहे. त्या पंधरा दिवसांत मी फाईल उघडली असती, तर एका ओळीच्या पत्राने काम झाले असते. माझ्या आळसाची किंमत मी जाणतो. ती उताऱ्यात छापलेली आहे.

परंतु जुनी फाईल उघडण्याचे याहून मोठे कारण मला नंतर कळले. फरीदाबादेत आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब आहे. घरातील कर्ते गृहस्थ 2021 च्या साथीत गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एका शाळेत शिकवितात. पतीच्या माघारी त्यांनी घराच्या कर्जाचे हप्ते दोन वर्षे एकही न चुकवता भरले. त्यासाठी शिकवण्या केल्या, दागिने मोडले. माझी हकिकत मी एकदा त्यांच्याकडे जेवताना विनोदाने सांगितली, तशा त्या उठल्या आणि कपाटातून फाईल घेऊन आल्या. तिच्यात तसेच प्रमाणपत्र होते, आणि त्याची मुदत संपलेली नव्हती. ज्या दिवशी गृहस्थ गेले, त्या दिवसापासून ते कर्ज फेडण्याची जबाबदारी विमा कंपनीची होती. घरात कोणालाच ते माहीत नव्हते, कारण विकताना ते कोणी सांगितलेच नव्हते.

त्यांनी दावा केला. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, असे विमा नियामकाने 2011 सालीच कंपन्यांना बजावले आहे. शिवाय तीन वर्षे पूर्ण झालेल्या आयुर्विम्याच्या वैधतेवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही, असे विमा कायद्याचे कलम 45 आज सांगते. दावा मंजूर झाला, कर्ज फिटले, आणि दोन वर्षांत भरलेले हप्तेही परत आले. वहिनी एवढेच म्हणाल्या, ‘भाऊजी, हे कागद मी रोज पाहत होते, पण ते आपल्या बाजूचे आहेत हे कोणी सांगितलेच नाही.’

तेव्हा न सांगता विकलेल्या विम्याचे नुकसान दुहेरी असते. ज्याला तो नको होता त्याचा पैसा जातो, आणि ज्याला तो उपयोगी पडला असता त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून दिल्या जाणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांबरोबर मुख्य बाबींचे एक विवरणपत्र द्यावे लागते. त्यात विम्याचा खर्च वेगळा दाखवून तो कर्जाच्या वार्षिक दरातही धरावा लागतो. हा नियम चांगला आहे. 1879 साली ऋणकोला मिळालेल्या हिशेबाच्या हक्काचा तो नातूच म्हणावा लागेल. पण नियम कागद देतो; वाचण्याचे काम आपल्याकडेच राहते.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. घरात चालू किंवा फिटलेल्या कर्जाची फाईल असेल, तर या रविवारी ती काढावी. मंजूर झालेली रक्कम आणि उताऱ्यातील पहिली रक्कम एकमेकींशेजारी ठेवून पाहावी. त्या दोन आकड्यांत अंतर दिसले, तर त्या अंतराचे नाव विचारावे. आणि घरातील दुसऱ्या कोणाला तरी, पत्नीला, पतीला, जाणत्या मुलाला, ते प्रमाणपत्र कोठे ठेवले आहे ते सांगून ठेवावे. रोखा फाडायचा असेल तर त्यानंतर खुशाल फाडावा.